पाणबुड्याचे घड्याळ आणि त्याची स्वस्त भावंडे

काळी तबकडी, तीवर आकड्यांऐवजी ठळक गोल ठिपके, बाराच्या जागी एक त्रिकोण, भोवती मिनिटांच्या खुणा कोरलेले फिरते कडे आणि पोलादी पट्टा. अशा रूपाचे घड्याळ तुम्ही कोणाच्या ना कोणाच्या मनगटावर पाहिले असेलच. ते घालणारा माणूस सहसा समुद्रात बुड्या मारणारा नसतो. तो बँकेत काम करतो, शाळेत गणित शिकवतो किंवा एस. टी.च्या गाडीने रोज कॉलेजला जातो. त्याच्या घड्याळावर मात्र '२०० मीटर' अशी अक्षरे असतात, आणि कोणी विचारले की तो ती मोठ्या हौसेने दाखवतोही.

हे रूप सर्वांत जास्त गाजले ते रोलेक्स या स्विस कंपनीच्या 'सबमरीनर' या घड्याळामुळे. ते १९५३ साली तयार झाले आणि १९५४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्रदर्शनात लोकांपुढे आले. आज नव्या सबमरीनरची किंमत दहा हजार अमेरिकी डॉलरांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे तेवढ्यात एखादी लहान मोटारगाडी यावी! जवळजवळ त्याच धाटणीची घड्याळे इतर अनेक कंपन्या काही हजार रुपयांत विकतात. त्यांच्या तबकडीवर त्या त्या कंपनीचे स्वतःचे नाव असते. घड्याळांचे शौकीन अशा घड्याळाला 'होमाज' म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'मानवंदना' असा आहे. याउलट ज्या घड्याळावर दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह चोरून छापलेले असते ते बनावट होय. तसे घड्याळ विकणे हा गुन्हा आहे. येथे आपण बनावट मालाविषयी बोलत नसून नाव न लपवणाऱ्या स्वस्त भावंडांविषयी बोलत आहोत.

आता प्रश्न असा, की ज्या कामासाठी हे रूप ठरले, ते काम ही स्वस्त भावंडे करू शकतात काय? की ती केवळ वेषधारी? याचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीत सापडत नाही. त्यासाठी घड्याळाचा एकेक भाग तसा का आहे, हे पाहावे लागते.

हवेचा हिशेब

जाँ-जाक फिश्टेर हे 'ब्लांपँ' या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख होते, आणि हौशी पाणबुडेही होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडी मारली असता त्यांना वेळेचे भान राहिले नाही. नळकांड्यातील हवा संपली आणि त्यांना घाईघाईने वर यावे लागले. जीव वाचला, पण पाण्याखाली किती मिनिटे गेली हे एका दृष्टिक्षेपात सांगणारे घड्याळ हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. याच सुमारास फ्रेंच नौदलातील रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे अधिकारी आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी असेच घड्याळ शोधत होते. यातून १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ निर्माण झाले. फॅदम म्हणजे ६ फूट. तेव्हा ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या काळच्या पाणबुड्यांच्या दृष्टीने हीच खोलीची मर्यादा मानली जाई.

फिरत्या कड्याची कल्पना अगदी साधी आहे. पाण्यात शिरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा. पुढे मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर येईल, तितकी मिनिटे गेली असे समजायचे. वजाबाकी करण्याची गरज नाही. 'वजाबाकी तर आम्हांला येते' असे तुम्ही म्हणाल. परंतु ३० मीटरच्या खाली जादा दाबाचा नायट्रोजन रक्तात उतरू लागला, की माणसाची बुद्धी दारू प्यायल्याप्रमाणे मंदावते. तेथे साधी वजाबाकीही चुकू शकते.

एक हिशेब करून पाहू या. समजा, पाणबुड्याच्या पाठीवर १२ लिटरचे नळकांडे आहे आणि त्यात वातावरणाच्या २०० पट दाबाने हवा भरली आहे. म्हणजे साध्या दाबाची १२ × २०० = २४०० लिटर हवा त्याच्याजवळ आहे. यातील ५० पट दाबाची हवा, म्हणजे ६०० लिटर, वर येण्यासाठी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवू. उरली १८०० लिटर. शांतपणे पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती ९० मिनिटे पुरेल. परंतु पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि श्वासात येणारी हवाही तितक्याच दाबाची असावी लागते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवा मिनिटाला ४० लिटर लागेल आणि ४५ मिनिटांत संपेल. २० मीटरवर दाब तिप्पट. मिनिटाला ६० लिटर. वेळ फक्त ३० मिनिटे.

आता समजा, बोटीच्या कडेला घासून घड्याळाचे कडे दहा मिनिटांच्या खुणांइतके फिरले. त्रिकोण काट्यांच्या दिशेने पुढे सरकला असेल, तर प्रत्यक्षात २० मिनिटे झाली असताना कडे १० मिनिटे दाखवील. पाणबुड्या निर्धास्तपणे दहा मिनिटे जास्त थांबेल. २० मीटर खोलीवर त्या दहा मिनिटांत तो किती हवा वापरील? ६० × १० = ६०० लिटर. म्हणजे राखून ठेवलेली सगळी! याउलट त्रिकोण मागे सरकला असेल, तर कडे २० ऐवजी ३० मिनिटे दाखवील. पाणबुड्या लवकर वर येईल आणि फार तर थोडे मासे पाहायचे राहतील.

म्हणूनच चांगल्या घड्याळाचे कडे फक्त काट्यांच्या उलट दिशेने फिरते. त्याच्या खाली दाते असतात आणि एक लहानशी कमान त्यांत अडकते. कडे फिरवताना 'कट कट' असा आवाज येतो तो याचाच. गंमत अशी, की सुरुवातीच्या सबमरीनरमध्ये ही सोय नव्हती. त्याचे कडे दोन्ही बाजूंना फिरत असे. तेव्हा ज्या होमाज घड्याळाचे कडे एकाच बाजूला घट्ट, खटक्यासह फिरते, ते एवढ्यापुरते तरी १९५४ च्या अस्सल घड्याळापेक्षा सरस म्हणावे लागेल. उलट ज्याचे कडे दोन्हीकडे गुळगुळीत फिरते किंवा नुसतेच चिकटवलेले असते, ते दागिना म्हणून घालावे.

आजचे पाणबुडे खोली आणि वेळ यांचा हिशेब मनगटावरच्या लहान संगणकावर ठेवतात. काटे आणि कडे असलेले घड्याळ आता बहुतेकांच्या बाबतीत जोडीला असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली-मालवणच्या समुद्रात प्रशिक्षकाबरोबर बुडी मारणाऱ्या पर्यटकाला तर त्याची गरजच पडत नाही. वेळेची काळजी प्रशिक्षक घेतो.

पाणी आत कोठून शिरते?

घड्याळाच्या काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर भरते. २०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोग्रॅम इतका जादा भार असतो. म्हणजे एवढ्याशा काचेवर १४० किलोग्रॅमचा भार. दोन दणकट माणसे तिच्यावर उभी राहिल्यासारखे! २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे 'त्रिएस्त' या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल उतरले. तेव्हा यानाच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचे एक खास घड्याळ बांधलेले होते. ७ चौरस सेंटिमीटरच्या काचेवर तेथे साडेसात टनांहून अधिक भार येतो. ते घड्याळ वर आले तेव्हा चालू होते. अर्थात त्याची काच एखाद्या घुमटासारखी जाड आणि फुगीर होती. ते मनगटावर मिरवण्याजोगे मुळीच नव्हते.

काच आणि मागचे झाकण यांच्याखाली रबरी वॉशर, म्हणजे गॅस्केट असतात. पाण्याचा दाब वाढला की काच आणि झाकण आतल्या बाजूला रेटले जातात आणि रबर अधिकच घट्ट बसते. म्हणजे शत्रूच दरवाजा लावून घेतो! खरी अडचण असते ती चावीची. चावीची दांडी डबीच्या भोकातून आत जाते, आणि ती फिरती हवी. मग भोक कायमचे बंद कसे करणार? १९२५ साली पॉल पेरगो आणि जॉर्ज पेरे या दोघा स्विस कारागिरांनी चावीला आटे पाडून ती डबीवर बाटलीच्या झाकणाप्रमाणे पिळून बसवण्याची युक्ती काढली. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी ते हक्क विकत घेतले आणि १९२६ साली 'ऑयस्टर', म्हणजे कालव, या नावाचे घड्याळ काढले. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने ते बरोबर घेऊन इंग्लिश खाडीत उडी घेतली. पाणी इतके थंड होते, की कित्येक तासांनंतर तिला अर्धमेल्या अवस्थेत बोटीवर घ्यावे लागले. पोहणे अपुरे राहिले, घड्याळ मात्र चालत होते. कंपनीने त्याची वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात केली, हे सांगायला नकोच.

तरीही एक उणीव राहिली. घड्याळाला रोज किल्ली द्यायची म्हणजे चावी रोज उघडायची. रबर झिजते आणि एखाद्या दिवशी चावी पिळायची राहून जाते. मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे घड्याळ रोलेक्सने १९३१ साली आणले, तेव्हा हा प्रश्न सुटला. आपोआप चालणारे यंत्र ही केवळ चैन नव्हती. दार वारंवार उघडावे लागू नये, यासाठी ते फार उपयोगी पडले. स्वस्त घड्याळात हे काम बॅटरी करते. तिला तर दोन-तीन वर्षे दार उघडावेच लागत नाही.

पेटंटची मुदत आज बहुतेक देशांत २० वर्षे असते. आट्यांच्या चावीचे हक्क केव्हाच संपले. म्हणून ही युक्ती आज कोणीही कायद्याने वापरू शकतो. होमाज घड्याळांना खरा आधार आहे तो या गोष्टीचा. कॅसिओच्या 'ड्यूरो' या स्वस्त घड्याळात आट्यांची चावी, एकाच दिशेने फिरणारे कडे आणि २०० मीटरचा दावा या तिन्ही गोष्टी मिळतात.

तबकडीवरचे मीटर

आता ज्या गैरसमजापायी दरवर्षी किती तरी घड्याळे बिघडत असतील, त्याकडे वळू. साध्या घड्याळावर '३० मीटर' लिहिलेले असते. ते वाचून मुले विहिरीत उडी घेतात. विहिरीत पाणी जेमतेम ५ मीटर. मग घड्याळात पाणी शिरलेच कसे?

'३० मीटर' याचा अर्थ असा, की त्या प्रकारचे नवे कोरे घड्याळ प्रयोगशाळेत स्थिर पाण्यात ३० मीटर खोलीइतक्या दाबाला टिकले. जुन्या घड्याळाविषयी त्यात काही वचन नाही. व्यवहारात अशा घड्याळाने पाऊस आणि हात धुणे सोसावे, इतकेच अपेक्षित असते. पोहण्यासाठी निदान ५० आणि शक्यतो १०० मीटरचे घड्याळ घ्यावे.

यावर एक स्पष्टीकरण नेहमी ऐकू येते: पोहताना हात जोराने हलतो, त्यामुळे दाब फार वाढतो. हे खरे आहे का, ते आपणच पाहू. वाहत्या पाण्याने पडणारा जादा दाब घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला, तर ५०० × २५ = १२,५०० पास्कल; म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका. तेव्हा दोष हाताचा नाही. (१० मीटर उंचीवरून उडी मारली तर हाच आकडा १० मीटर पाण्याइतका येतो, आणि आपटण्याच्या क्षणी काही जागी तो याहूनही पुष्कळ वाढतो. ती गोष्ट वेगळी.) खरे गुन्हेगार वेगळेच असतात. रबर जुने होऊन ताठरते. साबण आणि घाम त्याला लवकर म्हातारे करतात. बॅटरी बदलताना झाकणाखाली वॉशर दुमडून बसतो. आणि उन्हात तापलेले घड्याळ एकदम थंड पाण्यात गेले, की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी फटीतून आत ओढले जाते.

खऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक आयएसओ ६४२५. ते प्रथम १९८२ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात अगदी अलीकडे २०१८ साली सुधारणा झाली. त्यानुसार घड्याळ निदान १०० मीटरचे हवे, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसली पाहिजे, आणि कडे धक्क्याने फिरता कामा नये. दाब लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट द्यावा लागतो. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरचा, आणि तोही सलग दोन तास. नंतर दाब एकदम कमी करून, केवळ ३ मीटर पाण्याइतका ठेवून, आणखी एक तास पाहतात. हे विचित्र वाटेल. पण काही फटी मोठ्या दाबाखाली दाबल्या जाऊन मिटतात आणि हलक्या दाबात मात्र गळतात!

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. साध्या जलरोधक घड्याळांच्या बाबतीत एका गठ्ठ्यातील काही नग तपासले तरी चालतात. पाणबुड्यांच्या मानकात एकूण एक नग तपासावा लागतो. ज्याने ही परीक्षा दिली त्याच्या तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द येतो. 'ड्यूरो'वर २०० मीटर असते, पण हा शब्द नसतो. याचा अर्थ ते वाईट आहे असे नव्हे. पोहायला, समुद्रात डुंबायला ते उत्तम. मात्र तुमच्या हाती आलेल्या नगाची परीक्षा झालेली असेलच, अशी हमी नाही. कोणत्याही होमाज घड्याळाकडे पाहताना सर्वप्रथम हा एक शब्द शोधावा, असे माझे मत आहे. काळ्या तबकडीची नक्कल कोणीही करील. परीक्षेची नक्कल करता येत नाही.

पैसे कशाचे?

मग बाकीचे लाखो रुपये कशाचे? वेळेच्या अचूकपणाचे तर नक्कीच नाहीत. रोलेक्स आपल्या यांत्रिक घड्याळाची चूक दिवसाला २ सेकंदांच्या आत ठेवते. यंत्राच्या दृष्टीने हे मोठेच कौशल्य. पण स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५–२० सेकंद चुकते, म्हणजे दिवसाला पाऊण सेकंदाहूनही कमी. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यापुढे कोणत्याही तोलचक्राचा निभाव लागत नाही. पुष्कळ होमाज घड्याळांत जपानी सेइको कंपनीचे 'एनएच ३५' हे स्वस्त यांत्रिक यंत्र असते. त्याला दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट कंपनीनेच दिलेली आहे. बुडीच्या अर्ध्या तासात ही चूक एका सेकंदाचीही भरत नाही, हे लक्षात घ्या.

काचेत मात्र फरक पडतो. स्वस्त घड्याळाची काच साध्या खनिज काचेची असते. महागात कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइडची. मोझच्या काठिण्यश्रेणीत तिचा क्रमांक ९, तर किनाऱ्यावरच्या वाळूतील क्वार्ट्झचा ७. म्हणून वाळूने खनिज काचेवर ओरखडे उठतात, नीलमण्यावर नाही. काट्यांवरचा उजेडही तपासून पाहावा. पूर्वी यासाठी रेडियम वापरत. ते रंगवणाऱ्या अमेरिकेतील मुली कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत आणि त्यांतील कित्येक जणी किरणोत्सर्गाला बळी पडल्या. आता स्ट्राँशियम ॲल्युमिनेट वापरतात. ते किरणोत्सर्गी नाही. दिवसाचा प्रकाश साठवून रात्री परत देते. कंजूष कंपनी त्याचा थर पातळ देते, आणि मग अर्ध्या तासात काटे दिसेनासे होतात.

काही होमाज घड्याळांना बाजूला एक जादा गोल झडप असते. ती हीलियमसाठी. जे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाखालच्या कोठडीत हीलियममिश्रित हवेत राहतात, त्यांच्या घड्याळात हा सूक्ष्म अणूंचा वायू रबरातून आत शिरतो आणि वर येताना काच उडवून देतो. रोलेक्सने १९६७ च्या 'सी-ड्वेलर'मध्ये त्याला बाहेर पडण्यासाठी झडप ठेवली. सेइकोला १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे गावातील एका पाणबुड्याने हीच तक्रार पत्राने कळवली. सात वर्षे खपून १९७५ साली त्यांनी हीलियम मुळात आतच येऊ न देणारा वॉशर काढला. तुमच्या-आमच्या घड्याळाला यांपैकी कशाचीच जरूर नाही. झडप म्हणजे पाणी शिरायला आणखी एक भोक, इतकेच.

घरी करता येणारी परीक्षा

दाबाचे यंत्र आपल्याजवळ नसते, पण घड्याळाच्या आत ओल आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत त्याच मानकात दिली आहे. शेकण्याच्या रबरी पिशवीत ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी भरा. तापमान तापमापकाने पाहा. पाणी याहून गरम नको. पिशवीवर घड्याळाची पाठ टेकवून ते पंधरा मिनिटे ठेवा. मग काचेच्या मध्यभागी माठातल्या गार पाण्याचा एक थेंब सोडा. एक मिनिट थांबा आणि कोरड्या फडक्याने थेंब पुसून काढा. आत ओल असेल, तर तापलेल्या हवेत तिची वाफ झालेली असते. थेंबाखालची काच थंड झाल्यामुळे तेवढ्याच जागी आतून धुके जमते, जसे पावसाळ्यात एस. टी.च्या काचेवर जमते.

धुके दिसले नाही, तर आत ओल नाही, एवढेच सिद्ध होते. २०० मीटरचा दावा खरा ठरत नाही. धुके दिसले, तर घड्याळ लाखाचे असो वा हजाराचे, ते पाण्यापासून दूर ठेवा आणि घड्याळजीकडून वॉशर बदलून घ्या. झाकण लावल्यावर ते दाबाच्या यंत्रात तपासून मिळेल का, हेही त्यांना विचारा.